बीजाच्या पेल्यातले पाणी आणि दवाखान्यातली गोळी : एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची कशी?

धानकरी (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. माझ्या आईचे वय ६१ असून तिला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तिला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या मिळतात. गेल्या वर्षी तिने आठवडी बाजारातून साखरेसाठी बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा पेला आणला. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळपर्यंत तपकिरी झालेले, वर निळसर झाक मारणारे ते पाणी उपाशीपोटी प्यायचे, हा तिचा नेम आहे. गोळीने तोंड बेचव होते आणि बीजाने जीव निवतो, असे ती म्हणते.

उन्हाळ्यात तिची साखर ३१० निघाली, तेव्हा डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवली. मग रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत एकदा ती बांधीतच (धानाच्या शेतातच) घामाघूम होऊन बसली आणि तिचे हात थरथरू लागले. शेजारणीने तोंडात गूळ घातला म्हणून ती सावरली. तासाभराने केंद्रात तपासले, तर गूळ खाऊनही साखर ६८ होती. डॉक्टरांनी विचारले, "याशिवाय दुसरे काही घेता का?" आई म्हणाली, "नाही जी." मी शेजारीच उभा होतो आणि मीही गप्प राहिलो.

ज्या वैदूकडून तिने पेला घेतला त्यालाही तिने गोळ्यांबद्दल काही सांगितलेले नाही, कारण गोळ्या चालू असतील तर बीजा लागू पडत नाही, असे त्याने आधीच बजावले होते. म्हणजे दोघांनाही आमची आई अर्धीच माहीत आहे. माझा प्रश्न असा की हे सांगावे का, आणि सांगायचे तर कसे? कोणती पॅथी श्रेष्ठ, हा वाद इथे नको.

वर्धेकर_काका

"हा वाद नको" असे लिहिलेल्या प्रत्येक धाग्यावर तोच वाद होतो, असा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. खुर्ची ओढून बसलो आहे.

गोळीबार

मी निवृत्त औषधनिर्माता आहे. टोपणनावाचा अर्थ आता लागला असेल. धानकरी, आधी बांधीतल्या प्रसंगाबद्दल लिहितो. एकटी मेटफॉर्मिन सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नसते. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि पोटात भाकर आहे की नाही याची चौकशी करत नाही. वाढवलेली गोळी, रिकामे पोट आणि चिखलात वाकून केलेले काम एवढे त्या घटनेला पुरेसे आहे. त्यात बीजाची भर पडली असेल किंवा नसेलही.

बीजा, म्हणजेच विजयसार, ही केवळ ऐकीव गोष्ट नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यावर अभ्यास केला होता आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांची साखर त्यात आटोक्यात आल्याचे नोंदवले आहे. मात्र ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. शिवाय त्यांना मोजून मापून तयार केलेला अर्क दिला होता. बाजारातल्या पेल्यातून रोज किती उतरते हे कोणी मोजलेले नसते. ग्लिमेपिराइडवर असलेल्या ६१ वर्षांच्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

आईला एक गंमत सांगा. मेटफॉर्मिनचे मूळही एका युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यापर्यंत जाते, त्यामुळे तिची गोळी झाडपाल्याच्या घराण्यातलीच आहे.

तर्कटी

धागाकर्त्याची विनंती मान्य करूनही एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात काविळीसाठी हात धुऊन देणारे आहेत. रुग्णाच्या हातावर आधी आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, मग चुन्याचे पाणी ओतायचे आणि पिवळे झालेले पाणी दाखवून "बघा, कावीळ निघाली" म्हणायचे. माझे हात ठणठणीत असताना मी घरी हा प्रयोग केला आणि माझीही कावीळ निघाली.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून हात धुणाऱ्याचा यशाचा दर उत्तम असतो. आमच्या शेजाऱ्यांच्या पित्तनलिकेत खडा अडकला होता. त्यांनी महिनाभर हात धुतले आणि ते शहरात पोहोचले तेव्हा रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला होता. ते वाचले, परंतु त्यासाठी दोन एकर शेत गेले. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही बाजारात पेले विकले जातात.

वैद्य_मूर्तिजापूर

तर्कटी यांच्या शेजाऱ्यांबद्दल वाईट वाटते, पण हात धुणे हे आयुर्वेदाच्या कोणत्या ग्रंथात आहे हे त्यांनी सांगावे. आमच्याकडे साध्यासाध्यविचार आहे. कोणता रोग आपल्या हातचा नाही हे ओळखणे चरकाने वैद्याचे कर्तव्य मानले आहे. प्रमेहाचा, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचा, स्थूल, बलवान रुग्ण वेगळा आणि कृश, दुर्बळ रुग्ण वेगळा, आणि दोघांचे उपचारही वेगळे, असे चरकसंहितेत स्पष्ट आहे. सगळ्यांना एकच पेला विकणारा माणूस आयुर्वेद करत नाही, तो लाकूड विकतो. मी स्वतः रुग्णाला पहिला प्रश्न चालू असलेल्या गोळ्यांचाच विचारतो आणि त्या माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, असे लिहून देतो.

गोळीबार

वैद्यराज, आपण विचारता हे उत्तमच आहे. मात्र नैसर्गिक असलेले अपाय करत नाही, ही समजूत आपल्याच बिरादरीतल्या अनेकांनी पसरवली आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

वैद्य_मूर्तिजापूर

त्या निष्कर्षावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता आणि रुग्णांनी घेतलेली वेल नक्की कोणती होती, हा मुद्दा त्यात होता. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असते. तरीही कोणी काय, किती आणि किती दिवस घ्यावे हे न विचारता घेऊ नये, एवढ्यापुरता मी आपल्याशी सहमत आहे.

वर्धेकर_काका

सहावा प्रतिसाद आणि दोन पॅथींची सहमती. या पानाची प्रत काढून ठेवतो.

फिरते_पथक

मी मेळघाटातल्या धारणी भागात भरारी पथकाचा, म्हणजे पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकाचा, वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. माझी पदवी बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची आहे. या धाग्यावर दोन पॅथी समोरासमोर उभ्या केल्या जात आहेत, पण आमच्याकडे त्या एकाच जीपमध्ये बसतात. आदिवासी भागातल्या भरारी पथकांचे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेदाचे पदवीधर असतात आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतही तेच असतात. साडेपाच वर्षे दोष, धातू, मल शिकून आलेला माणूस पाड्यावर ओआरएस आणि अमॉक्सिसिलिन देतो. शहरातले लोक आम्हांला आयुर्वेदवाले समजतात आणि पाड्यावरचे लोक सुईवाले समजतात.

मेळघाटातल्या काही कोरकू कुटुंबांत बाळाचे पोट फुगले किंवा त्याला धाप लागली की पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. माझ्या पहिल्या वर्षी असे एक बाळ माझ्याकडे आले. त्याला न्यूमोनिया होता. मी त्याच्या आजीवर सर्वांसमोर ओरडलो. बाळ बरे झाले, पण त्या पाड्यावरून पुढे चार महिने एकही आजारी मूल माझ्याकडे आले नाही. मुले आजारी पडत नव्हती असे नाही. ती लपवली जात होती. धानकरी, तुमच्या आईचे "नाही जी" मला त्यामुळे चांगले ओळखीचे वाटते.

पुढे मी तिथल्या भूमकाकडे, म्हणजे पूजा करून उपचार करणाऱ्याकडे, जाऊन बसू लागलो. त्याला मी एवढेच म्हटले की तुमची पूजा तुम्ही करा, पण बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील तर पूजा संपण्याची वाट न पाहता मला निरोप द्या. त्याने ते मान्य केले, कारण मूल दगावले की गावात त्याचेही नाव खराब होते. भूमकांनी रुग्ण आरोग्य केंद्राकडे पाठवावेत यासाठी शासनाच्या पातळीवरही प्रयत्न झाले आहेत. डंब्याशी मात्र कसली तडजोड नाही, ते भाजणे आहे. फक्त ते थांबवण्यासाठी आजीला गुन्हेगार ठरवून भागत नाही, हे शिकायला मला एक वर्ष लागले.

सावलीकर

फिरते पथक यांनी जे लिहिले तेच सापाच्या बाबतीत आम्ही पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात धानाच्या हंगामात सर्पदंश नवा नाही. आमच्या गावात विष उतरवणारे एक म्हातारबा होते आणि त्यांच्या मंत्राने माणसे उठून चालू लागलेली मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, त्यामुळे मंत्राच्या खात्यावर यश आपोआप जमा होत राहते.

माझा चुलतभाऊ जमिनीवर झोपला असताना पहाटे पोट दुखते म्हणून उठला. अंगावर कुठे खूण नव्हती. घरच्यांनी ओवा दिला. सकाळी त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तेव्हा म्हातारबांना बोलावले. त्यांनी त्याचे डोळे पाहिले आणि मंत्र न म्हणता सांगितले, "हा मण्यार आहे, गाडी काढा." दोरा त्यांनी बांधला, पण तो रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसून बांधला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे प्रतिविष एकच असते. ते लागले आणि दोन दिवस श्वासाचे यंत्रही लागले. भाऊ आज ट्रॅक्टर चालवतो आणि दोऱ्यामुळे वाचलो, असे सांगतो. आम्ही त्याच्याशी वाद घालत नाही.

तर्कटी

सावलीकर, तुमचे म्हातारबा अपवाद आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा अपवादांसाठी केलेला नाही.

सावलीकर

कायदा हवाच. त्यांनी रोखले नाही, एवढेच मी सांगितले.

विळा

मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. टोपणनाव त्यावरूनच घेतले आहे, कोणी हळहळू नये.

इतका वेळ सगळे वैदूंबद्दल बोलत आहेत, म्हणून मी दवाखान्याबद्दल लिहिते. दुखण्याचा झटका येतो तेव्हा हाडांच्या आत कोणी सळई फिरवल्यासारखे वाटते. अशा अवस्थेत एका रुग्णालयात मला "रोजचेच आहे हिचे" असे ऐकवण्यात आले. दुसरीकडे हायड्रॉक्सियुरिया हे या आजारावरचे औषध दोन महिने संपलेले होते. त्याच काळात एक जडीबुटीवाला घरी आला. तो खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि कुठे दुखते, कधीपासून दुखते, पाळीत जास्त दुखते का, हे सगळे त्याने दीड तास ऐकून घेतले. तोपर्यंत मला हे कोणी विचारले नव्हते. रक्तच बदलून टाकतो असे सांगून त्याने ११ हजार रुपये घेतले आणि गोळ्या बंद करायला लावल्या. पाचव्या आठवड्यात माझे हिमोग्लोबिन ५ वर आले आणि रक्त चढवावे लागले.

तो फसवणारा होता, हे मला आज स्वच्छ दिसते. मी मूर्ख होते असे मात्र मला वाटत नाही. २०२३ पासून सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी होते, कार्डही मिळते. कार्ड देणाऱ्याने दहा मिनिटे खाली बसून बोलावे, एवढेच माझे मागणे आहे.

फिरते_पथक

विळाताई, दहा मिनिटांचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात शंभराहून अधिक माणसे असली की एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. हे समर्थन नाही. तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे.

वर्धेकर_काका

थोडे विषयांतर करतो, पण ते विषयातलेच आहे. आमच्या सेवाग्रामचे बापू मातीचे पट्टे आणि निसर्गोपचार यांचे केवढे पुरस्कर्ते होते, हे सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टरांवर त्यांनी 'हिंद स्वराज्य'मध्ये कडक टीका केली होती. जानेवारी १९२४ मध्ये ते येरवड्याच्या कैदेत असताना त्यांना आंत्रपुच्छाचा दाह (अपेंडिसायटिस) झाला, तेव्हा मात्र पुण्याच्या ससून रुग्णालयात एका इंग्रज सर्जनकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतरही निसर्गोपचार सोडले नाहीत. १९४६ मध्ये उरुळीकांचनला त्यांचे केंद्रही सुरू केले. आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीने १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पेला आणि गोळी एका घरात नांदवणारे धानकरींचे घर पहिले नाही, एवढेच सांगायचे होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना उभारताना तो आदिवासींनाच विचारून बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. आत उपचार आधुनिकच होतात. गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुई मोठ्या डॉक्टरच्याच हातात शोभते, असे मानणाऱ्यांची पंचाईत झाली होती.

पायपीट

मी आशा कार्यकर्ती आहे. रोज वाचते, लिहीत नाही. धानकरी दादांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणी नीट दिले नाही, म्हणून लिहिते.

"दुसरे काही घेता का?" असे विचारले तर कोणीही नाहीच म्हणते. मी तसे विचारत नाही. मी म्हणते, "मावशी, तुमचे सगळे औषधपाणी खाटेवर काढा, मला पाहू द्या." मग उशीखालच्या पुड्या, फडताळातली तेले, देव्हाऱ्यामागचा ताईत आणि जावयाने नागपूरहून आणलेली बाटली असे सगळे बाहेर येते. त्याचा फोटो काढून मी सिस्टरला दाखवते. त्यात कोणाला खोटे पाडावे लागत नाही.

एक विचारायचे आहे. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात का? आणि गेल्या काही महिन्यांत त्यांचा चेहरा भरलेला, गोल झालेला दिसतो का?

धानकरी

ताई, हे तुम्हांला कसे कळले? गुडघे दुखतात आणि चेहराही भरला आहे. आम्ही तर आई गुटगुटीत झाली म्हणून आनंदात होतो. आज रात्रीच खाटेवर सगळे काढायला सांगतो.

गोळीबार

पायपीट ताईंचा रोख माझ्या लक्षात आला. धानकरी, एखादी पुडी सापडली तर ती एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.

चहाबिस्कीट

आमच्याकडे खाटेवर काढले तर खाट पुरणार नाही.

धानकरी

गावच्या मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, धामधुमीत उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमस्व.

खाटेवर पेला, गोळ्या, कारल्याचे चूर्ण आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या तांबूस भुकटीच्या नऊ पुड्या निघाल्या. बाजारातच एक माणूस गुडघ्यांसाठी त्या विकतो, दिवसाला एक घ्यायची. आई त्या आठ महिन्यांपासून घेत होती. पुडीने दुसऱ्या दिवशीच आराम पडला होता, म्हणून तिला ते औषध वाटतच नव्हते, प्रसाद वाटत होता. सगळे पिशवीत घालून केंद्रात नेले. नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडमने पुडीकडे पाहून आईचा चेहरा आणि दंडावरची कातडी तपासली आणि यात स्टेरॉइड मिसळलेले असावे, अशी शंका व्यक्त केली. अशा सांधेदुखीच्या पुड्यांत ते पुष्कळदा सापडते, त्याने साखर चढते आणि पुड्या अचानक थांबवल्या तर माणूस कोसळू शकतो, असे त्यांनी समजावले. रोवणीच्या आठवड्यात बाजार भरला नव्हता आणि पुड्या संपल्या होत्या, हे आईला तेव्हा आठवले. म्हणजे पुडीने चढलेल्या साखरेवर गोळी वाढवली गेली, मग पुडी थांबली आणि वाढवलेली गोळी तेवढी पोटात राहिली.

आता मॅडमने पुडीऐवजी मोजून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आहेत आणि दर पंधरवड्याला त्या कमी करायच्या आहेत. ग्लिमेपिराइड अर्ध्यावर आणली आहे. गुडघे पुन्हा दुखू लागले आहेत, त्यामुळे आई सध्या माझ्यावर नाराज आहे.

पेल्याचेही सांगितले. मॅडम रागावल्या नाहीत. केसपेपरवर त्यांनी "बीजाचे पाणी, रोज सकाळी" असे लिहिले आणि रोजच्या साखरेची वही ठेवायला सांगितली. पाणी प्यायचे असेल तर रोज प्या, मध्येच सोडू आणि धरू नका, म्हणजे मला हिशेब लागेल, असे त्या म्हणाल्या. कारल्याचे चूर्ण मात्र बंद करवले. वैदूलाही मी गोळ्यांचे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "माझ्या बायकोलाही त्याच गोळ्या आहेत."

वैद्य_मूर्तिजापूर

गुडघ्यांसाठी एखाद्या शिकलेल्या वैद्याकडे जा, पण मॅडमचा केसपेपर सोबत न्या. आणि पुडीला आयुर्वेदिक म्हणू नका, ही विनंती.

तर्कटी

पुडीवाल्याचे काय केले? नमुना जपून ठेवला असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येईल. अर्ज मी लिहून देतो.

धानकरी

सात पुड्या डब्यात बंद करून ठेवल्या आहेत. तो माणूस गेल्या दोन बाजारांत दिसला नाही. पेलेवाल्याने सांगितले की तो आता भंडाऱ्याकडच्या बाजारात बसतो. अर्ज पाठवा, दादा.